हळदीनं मंदावलेला निळा उजेड

गेल्या अंकात मी कार्बन डॉटविषयी थोडं लिहिलं होतं. लिंबाचा रस बंद पोलादी भांड्यात १८० अंशांवर काही तास तापवला की त्यात कार्बनचे काही नॅनोमीटरचे कण तयार होतात, तेच हे डॉट; अतिनील दिव्याखाली ते पाणी निळं चमकतं आणि त्यात हळदीतलं कुरक्युमिन पडलं की चमक मंदावते. एवढ्यावर या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाचांना इथं उत्तर देते. पहिल्या पत्राला जास्त जागा जाईल, कारण त्या प्रश्नात मी स्वतः नोकरीची शेवटची काही वर्षं घालवली आहेत.

*

“आमचा हळदीचा व्यापार आहे. माल सांगलीहून येतो, दुकान लक्ष्मीपुरीत. आता कुरक्युमिन किती यावर गिऱ्हाईक भाव करतं. लॅबचा रिपोर्ट यायला दिवस जातात. तुम्ही लिहिलेलं निळं पाणी आणि नोटा तपासायचा दिवा घेऊन दुकानातच टक्के काढता येतील का?”

नाही, काढता येणार नाहीत. पण का नाही ते नीट सांगते, कारण उद्या कोणी तुम्हाला असा संच विकायला आला तर त्याला काय विचारायचं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

कुरक्युमिन पिवळं दिसतं, कारण ते जांभळा-निळा प्रकाश गिळतं. सगळ्यात जास्त गिळतं ते ४२५ नॅनोमीटर लहरलांबीच्या आसपास. आमचे लिंबाचे डॉट प्रकाश टाकतात साधारण ४४० ला. म्हणजे डॉट जो उजेड देतात, नेमका तोच हळद गिळते. आता उजेड दोन तऱ्हांनी मंदावू शकतो. कुरक्युमिनचा रेणू डॉटच्या अगदी जवळ, दहा नॅनोमीटरच्या आत आला, तर डॉटची ऊर्जा बाहेर पडण्याआधीच तो ती ओढून घेतो. ही खरी ओळख. दुसऱ्या तऱ्हेत डॉट आपला पूर्ण उजेड देतो, पण बाहेर येता येता वाटेतलं पिवळं पाणी तो शोषतं.

आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचंच बघा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचायची असतात. एखाद्या वर्षी ती वाटेतच फिकी पडतात, तेव्हा सूर्य कमी झाला असं कोणी म्हणत नाही. वाटेत ढग आला का, धूळ आहे का, कुठलं बांधकाम आडवं आलं का, ते आपण बघतो. प्रयोगशाळेत याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात.

हा आडोसा किती मोठा असतो, त्याचा हिशेब करून दाखवते. तुमच्या हळदीत ३ टक्के कुरक्युमिन आहे असं धरू. १०० मिलिग्रॅम पूड १० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये घोळली, तर त्यात ३ मिलिग्रॅम कुरक्युमिन उतरलं. ते २०० पट पातळ केलं की राहिलं साधारण ४ मायक्रोमोलर. डोळ्याला जेमतेम पिवळसर दिसेल इतकं. तरीही एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटच्या (मोजणीच्या चौकोनी काचनळीच्या) मधून बाहेर येणाऱ्या निळ्या उजेडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा ते पाणी वाटेत खातं. यंत्रावर १००० चा आकडा ८०० वर आला आणि डॉटला अजून कोणी हातही लावलेला नाही.

तुम्ही म्हणाल, पडदा तर पडदा. जितकी हळद तितका पडदा, मग मोजायला काय हरकत आहे? आम्हीही हेच म्हणालो होतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं त्यावर वर्षभर काम केलं. शुद्ध कुरक्युमिन घेऊन आलेख काढला, रेघ सरळ आली. मग बाजारातली हळद तपासायला घेतली. चार नमुने अडीच ते चार टक्क्यांत बसले. पाचवी सुटी पूड होती, ती सात टक्क्यांच्या वर गेली. हळदीत कुरक्युमिन साधारण दोन ते पाच टक्के असतं, हे मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी त्या पोरीला म्हटलं, एखादा निवडक वाण असेल. ते मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी तिनंच त्या अर्कात हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले. पाणी गर्द गुलाबी झालं, आणि वरून साधं पाणी ओतलं तरी गुलाबीच राहिलं. मेटॅनिल यलो. कापडाचा, कागदाचा रंग. खाण्यात बंदी असलेला. तोही निळा प्रकाश जवळजवळ हळदीच्याच ठिकाणी गिळतो. पाचांतली भेसळीची पूड आमच्या पद्धतीत सगळ्यात उत्तम हळद ठरली होती.

म्हणून आता कोणी मला “डॉट विझले, कुरक्युमिन सापडलं” असं सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो: विझले, की झाकले गेले? हे ठरवायला उजेडाचं आयुष्य मोजावं लागतं. दिवा बंद केल्यावर डॉटची चमक काही नॅनोसेकंद टिकते. कुरक्युमिन खरोखर ऊर्जा ओढत असेल तर हे टिकणं आखूड होतं. नुसता पडदा असेल तर ते जसंच्या तसं राहतं. आणि दुसरी खूण अशी: कुरक्युमिन स्वतःही अल्कोहोलमध्ये हिरवट चमकतं, ५३० च्या पुढं-मागं. मेटॅनिल यलो तसं चमकत नाही. त्यामुळं निळा किती उतरला याबरोबर हिरवा किती चढला हेही मोजायचं. दोन्ही हिशेब जुळले तरच हळद. आम्ही नंतर सगळे नमुने असे पुन्हा केले, आणि ती पाचवी पूड लगेच उघडी पडली.

लेड क्रोमेट मात्र यातूनही निसटतं. हळकुंडाला पिवळी झळाळी यावी म्हणून लावलेलं हे शिशाचं संयुग अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही, तळाशी बसतं. डॉटला ते दिसणार नाही. त्याच्यासाठी शिशाची वेगळी तपासणी लागते, आणि ती करून घ्याच. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जातं.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला साधा आहे. टक्केवारीला प्रयोगशाळा धरून राहा. तिथं अर्क काढून ४२५ ला शोषण मोजतात, त्याला डॉट लागतच नाहीत. आणि एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर कुरक्युमिन व त्याची दोन भावंडं वेगवेगळी निघतात, रंगाची भेसळही वेगळी पडते. नमुना एका पोत्यातून घेऊ नका, पाच-सात पोत्यांतली हळकुंडं घेऊन एकत्र दळा. सुटी पूड विकत घ्यायच्या आधी आम्लाची परीक्षा करा. डॉटचा उपयोग आहे तो जिथं कुरक्युमिन अगदी कणभर असतं तिथं: रक्ताच्या द्रवात, लघवीत, औषध घेतल्यावर शरीरात किती पोचलं ते बघायला. पोतंभर हळदीपुढं एवढ्या नाजूक काट्याची गरज नाही.

*

“मी बारावी सायन्सला आहे, गडहिंग्लजला. पदार्थ तोच, फक्त कणाचा आकार बदलला, तर रंग कसा बदलतो? सर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही.”

सिलॅबसमध्ये नसलं तरी तुला कळेल असंच आहे. जोतिबाच्या यात्रेत बासऱ्यांची गाडी असते ना? आखूड बासरीचा सूर उंच, लांब बासरीचा खालचा. हवा तीच, बांबू तोच. आत लाटेला जागा किती मिळते त्यावर सूर ठरतो. कॅडमियम सेलेनाइडच्या कणात इलेक्ट्रॉनचं तसंच होतं. मोठ्या ढेकळात त्याला ऐसपैस जागा असते. कण दोन-तीन नॅनोमीटरचा केला की तो कोंडला जातो, त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या लांब लांब होतात. उडी मोठी, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, म्हणजे रंग निळ्याकडं. कण सहा नॅनोमीटरचा केला तर तोच पदार्थ तांबडा. अशा कणांना क्वांटम डॉट म्हणतात.

हे आधी काचेत दिसलं. १९८१ मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये अलेक्सी एकिमोव्ह यांनी रंगीत काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या कणांवर ते दाखवलं. दोन वर्षांनी अमेरिकेत लुई ब्रूस यांना द्रवात तरंगणाऱ्या कणांत तेच आढळलं. पण कण एकसारख्या मापाचे करणं कोणाला साधत नव्हतं. ते १९९३ मध्ये मुंगी बावेंडी यांनी साधलं: तापलेल्या द्रावकात कच्चा माल एकदम सोडायचा, सगळे कण एकाच क्षणी जन्माला येतात, आणि मग तापमान सांभाळून त्यांना बरोबरीनं वाढवायचं. तिघांना मिळून २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक गोष्ट लक्षात ठेव. बासरीचा हा दाखला कॅडमियमच्या डॉटला चपखल बसतो, कार्बन डॉटला पुरता बसत नाही. कार्बनच्या कणात मापापेक्षा त्याच्या पृष्ठभागावर कुठले अणुगट चिकटले आहेत याला जास्त महत्त्व असतं.

घरी करून बघायचं असेल तर नोटा तपासायचा दिवा घे. एका बाटलीत स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद, दुसरीत स्पिरिटमध्ये चुरडलेला पालक, तिसरीत पाण्यात कपडे धुवायची पावडर. अंधारात दिवा धर. हळद हिरवट-पिवळी चमकेल, पावडर निळी, आणि हिरवागार पालक तांबडा. ते तांबडं क्लोरोफिल मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुझ्याच वयाची होते, आणि त्या दिवसापासून मी रसायनशास्त्राची झाले. स्पिरिटजवळ ज्योत नको, आणि दिव्यात सरळ बघू नकोस.

*

“पन्हाळा तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. पोरगं म्हणतंय, गुळात नॅनो कण असतात असं मोबाइलवर आलंय. खरं हाय का? गिऱ्हाईक बिचकंल अशी भीती वाटते.”

खरं आहे. २०१२ मध्ये आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांनी पाव, गूळ, साखरेचा पाक, कॉर्नफ्लेक्स आणि बिस्किटं तपासली, आणि सगळ्यांत चमकणारे कार्बनचे सूक्ष्म कण दाखवले. साखर तापली की ते होतातच. तुमची काहील उतरते तेव्हा रस ११८ अंशांच्या आसपास असतो. त्या तापात साखरेचे रेणू तुटतात, जुळतात, तांबूस होतात, आणि त्यातच हे कण बनतात. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यातही हाच प्रकार. तुमच्या आजोबांच्या गुळातही ते होते.

गिऱ्हाइकाला बिचकायचं कारण नाही. पण उलट बाजूनंही जाऊ नका. ‘नॅनो गूळ’ असं गुळाच्या रव्याच्या, म्हणजे ढेपेच्या, कागदावर छापायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. या कणांमुळं गूळ जास्त औषधी होतो, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. आणि दिव्याखाली गूळ चमकला म्हणजे चोख, असंही धरू नका. हायड्रॉस (रंग उडवणारं गंधकाचं रसायन) मारून पिवळाधमक केलेल्या गुळाची परीक्षा सल्फाइटची असते, चमकेची नव्हे. रानभेंडीनं मळी काढलेला तांबूस गूळ आहे तो तसाच विका.

*

“मी बायोटेकची एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्टमध्ये कार्बन डॉट हेला या कर्करोगाच्या पेशींवर टाकले. मायक्रोस्कोपखाली पेशी सुंदर निळ्या दिसतात. गाइड म्हणाले, फोटो चांगला आलाय, लिहायला घे. मला खात्री वाटत नाही. अजून काय करू?”

खात्री वाटत नाही हे तू लिहिलंस, ते वाचून मला फार बरं वाटलं.

पहिली गोष्ट: डॉट न टाकलेल्या पेशींचा फोटो कुठं आहे? त्याच दिव्यावर, तेवढ्याच एक्स्पोजरला, तेवढ्याच गेनवर. पेशी स्वतःच निळ्या चमकतात. त्यांच्यातलं एनएडीएच हे द्रव्य निळा उजेड देतं, फ्लेव्हिन नावाची द्रव्यं हिरवा देतात. तुझे डॉट निळे, पेशीही निळ्या. मग त्यातलं तुझं किती आणि पेशीचं किती? जमलं तर लांब लहरीचा दिवा वापरून हिरव्या-तांबड्या भागात बघ. कार्बन डॉटची चमक दिव्याच्या लहरीप्रमाणं बरेचदा सरकते, आणि तांबड्याकडं पेशीचा आपला उजेड कमी असतो.

दुसरं: डॉट आत गेले आहेत, की बाहेरून चिकटले आहेत? एक ताट ३७ अंशांवर ठेव, एक ४ अंशांवर. थंडीत पेशीचं गिळणं थांबतं. ४ अंशांच्या ताटातही तितकीच चमक दिसली तर ते कण पेशीच्या कातडीवर बसलेत. कॉनफोकल (पेशीचा एकेक थर दाखवणारा मायक्रोस्कोप) मिळाला तर थराथरानं फोटो घे. साधारणपणे चमक केंद्रकाच्या भोवती, गिळलेल्या पिशव्यांमध्ये ठिपक्यांसारखी दिसते. सगळी पेशी एकसारखी निळी दिसत असेल तर संशय घे. आणि मेलेली पेशी काहीही आत घेते. तेव्हा पेशी जिवंत होत्या हे दाखवलंस का? एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून बघायची चाचणी) केली असशील तर डॉटचा स्वतःचा रंग वजा कर, नाहीतर आकडा फसवतो.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते डॉट आहेत का? तू सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन तापवून केलेस असं लिहिलंयस. आम्हीही तेच करत होतो. हजार डाल्टनची डायलिसिसची पिशवी (छोटे रेणू बाहेर सोडणारी, मोठे कण आत ठेवणारी) भरून रात्रभर बीकरमध्ये सोडायची, सकाळी बाहेरचं पाणी ओतून द्यायचं, आतलं वापरायचं. एकदा एका मुलानं ते बाहेरचं पाणी ओतण्याआधी सहज दिव्याखाली धरलं. पिशवीतल्यापेक्षा तेच जास्त चमकत होतं. आम्ही रोज सकाळी खरी चमक मोरीत टाकत होतो, आणि उरलेल्या मंद कणांवर लेख लिहीत होतो. नंतर वाचनात आलं की या कृतीत कणांबरोबर साधे सेंद्रिय रेणूही तयार होतात, आणि ते अतिशय तेजस्वी असतात. ते छोटे असल्यामुळं पेशीत सहज शिरतात. तेव्हा तुझ्या पेशी कशानं निळ्या झाल्या, कणानं की रेणूनं, हे ठरवायचं असेल तर बाहेरच्या पाण्याची, आतल्या पाण्याची आणि दोन दिवस धुतलेल्या मालाची, तिघांची चमक मोजून तक्ता कर. तोच तक्ता तुझ्या प्रबंधाचा कणा होईल. आपल्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रतिदीप्तीवर, म्हणजे या चमकेवर, बरंच काम चालतं; तिथं जाऊन चमकेचं आयुष्य मोजून मिळतं का विचार.

कॅडमियमचे डॉट का घेतले नाहीत, असं परीक्षक विचारतील. उत्तर तयार ठेव. १९९८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी ते पेशींवर वापरून दाखवले. एकाच दिव्यावर अनेक रंग उजळतात, प्रत्येक रंग अरुंद आणि स्वच्छ, आणि साध्या रंगद्रव्यासारखे ते मिनिटभरात फिके पडत नाहीत. त्यामुळं पेशीतली एखादी गोष्ट कुठं चालली आहे याच्या मागं बराच वेळ राहता येतं. पण २००४ मध्ये दाखवलं गेलं की हवा आणि अतिनील प्रकाश लागला की कणाचा पृष्ठभाग झिजून कॅडमियम सुटतं आणि पेशी मरतात. वर जस्त-गंधकाचं कवच चढवलं की हे बरंच कमी होतं, पूर्ण थांबत नाही. ताटातल्या पेशींसाठी ते आजही उत्तम आहेत. माणसासाठी नाहीत.

आणि एक विनंती. प्रबंधात ‘हेला’ लिहिशील तेव्हा हेन्रिएटा लॅक्स यांचं नाव पूर्ण लिही. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात त्यांच्या गाठीतून या पेशी घेतल्या, त्यांना न विचारता. त्याच वर्षी त्या गेल्या, एकतीस वर्षांच्या होत्या. तुझ्या ताटात त्यांच्याच पेशी वाढताहेत.

*

“माझ्या मिस्टरांना कॅन्सर आहे, केमो सुरू आहे. एकजण घरी येऊन सांगून गेला की क्वांटम डॉटचं औषध आलंय, ते फक्त कॅन्सरच्या पेशी शोधून मारतं, केमोची गरज राहत नाही. रक्कम मोठी आहे. तुमचं लिखाण वाचते म्हणून विचारते.”

ताई, हे घेऊ नका. केमो थांबवू नका.

क्वांटम डॉट कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत, उंदरांवर वापरले जातात, हे खरं. त्या माणसानं तेवढा खरा तुकडा घेऊन बाकीचं रचलंय. केमोच्या जागी देता येईल असं क्वांटम डॉटचं कुठलंही मान्यताप्राप्त औषध नाही. ज्यांत कॅडमियम असतं त्यांचा माणसाच्या यकृतात, मूत्रपिंडात साठा होईल ही भीती अजून फिटलेली नाही, आणि तुमच्या मिस्टरांच्या शरीरावर आधीच औषधांचा भार आहे. त्या बाटलीत खरोखर काय आहे हे तर कोणालाच माहीत नाही.

पुढच्या केमोला जाल तेव्हा त्या माणसानं दिलेला कागद, बाटलीचा फोटो, जे असेल ते डॉक्टरांना दाखवा. संकोच करू नका. असे प्रश्न त्यांना रोज येतात. मिस्टरांनी त्यातलं काही आधीच घेतलं असेल तर तेही सांगा, रागावतील म्हणून लपवू नका, कारण त्यावरून त्यांना रक्ताच्या तपासण्या ठरवाव्या लागतील. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती आणि मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा, पुसू नका, आणि मला पुन्हा लिहा. तक्रारीचा अर्ज आपण मिळून लिहू.